धुरा आला, ब्रेक सोडा!

काटोलच्या बाहेर कुठल्याही पांदणीत सकाळी साडेसहाला जाऊन उभे राहा. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, मधे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या आणि त्या चाकोऱ्यांच्या मधोमध गवताचा पट्टा. थोडं पुढं कुणीतरी पाइपलाइन पुरलेली, त्यावर मातीचा आडवा उंचवटा. मग नाला, नाल्यात पावसानं वाहून आणलेले काळे दगड. पलीकडं धुऱ्यावरून चढणारी पायवाट. दूधवाला, ट्रॅक्टर, जागलीवरून परतणारा माणूस अशी नेहमीची वर्दळ. आणि हल्ली त्यात एक नवा गडी दिसतो. जाड टायरची सायकल, पुढच्या चाकाला शॉकअप, आणि मागं मोबाईल धरून उभा असलेला मित्र.

मित्र ओरडतो, "उचल बे!" गडी सगळा जोर लावून हँडल ओढतो. पुढचं चाक चार बोटं वर येतं, मागचं चाक उंचवट्यावर धाडकन आपटतं आणि गडी थेट सराट्यांत. बाजूच्या बागेतले काका हे सगळं शांतपणे पाहून म्हणतात, "सायकल काय बकरी हाय का, उडी माराले?"

हसू नका. त्या गड्याच्या जागी तुम्हीही असू शकता. गिअरवाली, जाड टायरची सायकल आज तुमच्यापैकी अनेकांच्या अंगणात उभी आहे. तिच्यावर काय करता येतं हे तुम्ही रीलमध्ये पाहिलंय. पंधरा सेकंदांच्या त्या रीलमध्ये पोरगा ओंडक्यावरून, दगडांवरून, पायऱ्यांवरून सहज जातो. त्या पंधरा सेकंदांआधी तो किती महिने विटेवरून चाक चढवत होता, हे रीलमध्ये नसतं. आणि शिकवणारं जवळपास कुणी नाही. म्हणजे उरते ती पांदण, रील आणि सराटे.

प्रश्न असा, की माउंटन बाइक नावाचा हा खेळ काटोलसारख्या तालुक्याच्या गावात नीट शिकता येईल का? माझ्या मते येईल. त्यासाठी डोंगर लागत नाही आणि लाखाची सायकलही लागत नाही. काय लागतं ते पुढं येईलच, पण आधी टोकियोला जाऊन येऊ.

२६ जुलै २०२१. टोकियो ऑलिम्पिक, पुरुषांची माउंटन बाइक शर्यत. नेदरलँड्सचा मॅथ्यू व्हॅन डर पूल सोनेरी पदकाचा मोठा दावेदार. त्याच वर्षी तो टूर द फ्रान्समध्ये सहा दिवस पिवळी जर्सी घालून फिरलेला. पहिल्याच फेरीत एका मोठ्या खडकावरून खाली उतरायची जागा आली. सरावाच्या वेळी तिथं उतरायला फळी होती. शर्यतीच्या दिवशी फळी नव्हती. आपल्याला ती असेल असं वाटलं होतं, असं त्यानं नंतर सांगितलं. फळी आहे असं समजून त्यानं पुढचं चाक खाली सोडलं आणि तो हँडलवरून पुढं फेकला गेला. नंतर त्यानं शर्यतही अर्धवट सोडली. त्याच दिवशी सुवर्ण जिंकलं ब्रिटनच्या टॉम पिडकॉकनं. दोन महिन्यांपूर्वी सरावात त्याचं कॉलरबोन मोडलं होतं.

जगातल्या सर्वोत्तम सायकलपटूंपैकी एक, आणि पडला कशामुळं? ताकद कमी पडली म्हणून नाही. जागा जशी आहे तशी त्या क्षणी त्याच्या डोक्यात नव्हती म्हणून. तुमच्या पांदणीतही हेच होतं. काल कोरडा असलेला नाला आज ओलित सोडल्यामुळं चिखलाचा असतो. परवा नसलेली पाइपलाइन आज असते. म्हणून पहिला नियम सगळ्यात कंटाळवाणा आहे: अडथळा आधी पायी पाहायचा. सायकल स्टँडला लावा, चालत जा, दगड पायानं हलवून बघा, हलतो का ते. पलीकडं काय आहे ते बघा. अनुभवी खेळाडू शर्यतीआधी तेच करतात. आपल्याला मात्र त्याची लाज वाटते.

आता सायकलीबद्दल एक कडू गोष्ट. तुमच्या सायकलीवर 'एमटीबी' असं मोठ्या अक्षरात लिहिलंय म्हणून ती उड्या मारायला बनवलेली आहे असं नाही. सायकल कशासाठी बनवलीय हे सांगणारी एक आंतरराष्ट्रीय वर्गवारी आहे, १ ते ५ आकड्यांची. १ म्हणजे फक्त डांबरी रस्ता. २ मध्ये कच्चा रस्ता आणि साधारण १५ सेंटीमीटरपर्यंतची उतरण. ३ म्हणजे खडबडीत वाट आणि ६१ सेंटीमीटरपर्यंत. ४ मध्ये १२२ सेंटीमीटरपर्यंत, आणि ५ त्याच्याही पुढं. काही कंपन्या हा आकडा फ्रेमवर चिकटवतात, काही माहितीपुस्तिकेत देतात, आणि ती पुस्तिका आपण दुकानातच सोडून येतो. जाऊन शोधा. स्वस्तातल्या बऱ्याच सायकली दिसायला डोंगरी आणि कामाला शहरी असतात. त्यांच्यावर विटेएवढ्या अडथळ्याचा सराव खुशाल करा, पण कमरेएवढ्या धुऱ्यावरून उडी नको. फ्रेम किंवा फोर्क कधी दगा देईल हे आधी कळत नाही.

मग अशा सायकलीवर शिकून उपयोग काय? भरपूर उपयोग. हा खेळच जुनाट सायकलींवर जन्मला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत काही पोरांनी डोंगराच्या कच्च्या उतारावर शर्यती सुरू केल्या. त्या शर्यतीचं नाव 'रीपॅक'. सायकली कुठल्या, तर जुन्या, जड, फुग्यासारख्या टायरच्या, पायडल उलटं दाबून ब्रेक लावायच्या. उतार संपेपर्यंत ब्रेकमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं, म्हणून ते नाव. गॅरी फिशर, जो ब्रीझ, टॉम रिची ही पुढं सायकलींवर ब्रँड म्हणून आलेली नावं त्याच टोळक्यातली. त्यानंतर वीस वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाइक हा अधिकृत खेळ झाला.

आता मुद्द्याचं. अडथळा पार करायचा कसा?

सुरुवात उभं राहण्यापासून. सीटवर बसून दगडावर गेलात तर दगडाचा धक्का सीटमधून सरळ तुमच्या कण्यात येतो आणि सायकल तुम्हाला उडवते. म्हणून अडथळ्याच्या आधी उठायचं. दोन्ही पायडल जमिनीला समांतर, एक पुढं एक मागं. खाली गेलेलं पायडल दगडाला हमखास अडकतं. गुडघे वाकलेले, कोपरं वाकलेली आणि थोडी बाहेर. सगळं वजन पायांवर, हात हलके. हात हलके आहेत की नाही हे कसं ओळखायचं? बोटं हँडलवर पेटी वाजवल्यासारखी हलवता आली पाहिजेत. नाही हलली, तर तुम्ही हँडलला लटकलेले आहात. कबड्डीत पकडीच्या तयारीत उभा राहिलेला खेळाडू डोळ्यांसमोर आणा, जवळपास तशीच ठेवण.

नजर दगडावर नको, दगडाच्या पलीकडं. ज्याच्याकडं पाहाल तिकडं चाक जातं. पटत नसेल तर रिकाम्या मैदानात एक वीट ठेवून तिच्याकडं टक लावून सायकल चालवून बघा. सगळं मैदान मोकळं असताना तुम्ही बरोब्बर विटेवर जाल.

मग ब्रेक. इथं सगळ्यात जास्त लोक पडतात. वेग कमी करायचा तो अडथळ्याच्या आधी, सपाटीवर. चाक दगडाला टेकलं, की ब्रेक सुटलेला हवा. मन नेमकं उलट सांगतं. दगड आला, भीती वाटली, बोटं आपोआप आवळली. ब्रेक लागलेलं पुढचं चाक दगडाला अडून थांबतं, पण तुम्ही थांबत नाही. तुम्ही हँडलवरून पुढं जाता. फिरणारं चाक चढतं, अडलेलं चाक अडतं, एवढंच गणित आहे. 'धुरा आला, ब्रेक सोडा' हे मी स्वतःला मोठ्यानं बजावून बजावून शिकलोय, आणि अंगवळणी पडायला एक पावसाळा आणि उजव्या कोपराची कातडी गेली.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. अमेरिकन व्हिडिओंत डाव्या हाताचा पुढचा असतो. व्हिडिओत प्रशिक्षक "डावा ब्रेक जपून" म्हणाला आणि तुम्ही इथं डावा जपून उजवा दाबलात, तर काय होईल ते वरच्या परिच्छेदात लिहिलंय. आधी पुढचं चाक हातानं फिरवून कुठला ब्रेक कुठल्या चाकाचा हे पाहून घ्या.

आता चाक उचलणं. आपला पांदणीतला गडी हातांच्या जोरानं हँडल ओढत होता. हातानं चाक उचलत नाही, उचललं तरी टिकत नाही. आधी खाली दबायचं, कोपरं-गुडघे वाकवून छाती हँडलजवळ. मग लगेच कंबर मागं सरकवायची, हात सरळ होऊ द्यायचे आणि त्याच वेळी पुढच्या पायानं पायडलवर अर्धा फेरा जोर. हलका गिअर हवा, फार हलकाही नको. वजन मागं गेलं की पुढचं चाक आपोआप हलकं होऊन वर येतं. ते अडथळ्यावर टेकलं, की आता उलटं: अंग पुढं घ्यायचं. मागचं चाक हलकं होतं आणि मुकाट चढून येतं. म्हणजे आधी मागं, मग पुढं. झोपाळ्यावर झोका घेताना करता तसंच, फक्त वेळ साधायची. आपल्या गड्याचं मागचं चाक आपटलं, कारण पुढचं चाक वर गेल्यावर तो मागंच लटकून राहिला.

याचा सराव पांदणीत करूच नका. कॉलेजच्या मैदानात खडूनं रेघ मारा आणि पुढचं चाक त्या रेघेवरून उचलून पलीकडं टाका. दहापैकी आठ वेळा जमलं की रेघेच्या जागी सुतळी, मग लाकडाची पट्टी, मग आडवी वीट. विटेला चाक लागलं तर वीट सरकते, तुम्ही पडत नाही. दोन आठवडे रोज वीस मिनिटं दिलीत तर विटेपर्यंत याल. दोन्ही चाकं एकदम हवेत नेणारी ती रीलमधली उडी याच्या बऱ्याच पुढची पायरी आहे, आणि खरं सांगायचं तर पांदणीतल्या दहातल्या नऊ अडथळ्यांना तिची गरज पडत नाही.

अडथळ्याला नेहमी काटकोनात भिडायचं. पाइपलाइनचा उंचवटा, रेल्वेचा रूळ, ओलं मूळ यांवर तिरपं गेलात की पुढचं चाक घसरून बाजूला पळतं. उतरताना कंबर मागं, टाचा किंचित खाली, ब्रेक हलकेच आणि दोन्ही. नाल्यातल्या दगडांत एकेक दगड मोजत हळूहळू गेलात तर अडकाल. चालण्यापेक्षा थोडा जास्त वेग ठेवला तर चाक दगडांवरून तरंगत जातं.

आणि टायर. सायकलवाला हवा ठोकून भरतो, दगडासारखी. टायरच्या कडेला कमीत कमी आणि जास्तीत जास्त हवेचा आकडा छापलेला असतो. कच्च्या वाटेला त्याच मर्यादेत थोडी कमी हवा ठेवली तर टायर जमीन धरतं. फार कमी केलीत तर दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटून एकाच वेळी दोन भोकं पडतात. आपल्याकडं त्यात बाभळीचे काटे, बोरीचे काटे आणि अर्थातच सराटे. पंक्चर काढायला शिकल्याशिवाय पांदणीत जाणं म्हणजे सायकल खांद्यावर घेऊन यायची तयारी. पावसाळ्यात तर काळ्या मातीत जाऊच नका. माती चाकाला लागते, फोर्कमध्ये भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. शिवाय ओल्या पांदणीत तुम्ही पाडलेल्या घळीतून नंतर शेतकऱ्याला गाडी न्यायची असते. मुरमाची वाट मात्र पाऊस उघडल्यावर लवकर सुकते.

हेल्मेट हवंच. सायकलला ते कायद्यानं सक्तीचं नाही म्हणून डोकं काही जास्त टणक होत नाही. हातमोजे हवेत. पडताना हात लांब करून टेकवला की मनगट किंवा कॉलरबोन जातं, म्हणून कोपर वाकवून अंग गोळा करत पडायची सवय गवतावर करून घ्या. आणि विदर्भातल्या शिवारात एक धोका असा आहे, जो कुठल्याच परदेशी व्हिडिओत सापडणार नाही. रानडुक्कर आणि रोह्यांपासून पीक वाचवायला कुंपणाला करंट सोडलेला असतो. झटका मशीनचा झटका जीव घेण्यासाठी नसतो. पण काही ठिकाणी बेकायदा थेट लाइनची तार जोडलेली असते आणि अशा तारांनी वाघ मेलेत, माणसंही मेलीत. अंधारात, उजाडायच्या आधी, अनोळखी धुऱ्यावरून सायकल घालू नका. तोल गेला तरी कुंपणाच्या तारेला हात लावायचा नाही. एकट्यानं जायचं नाही आणि मोबाईलमध्ये रेंज कुठवर आहे हे माहीत असू द्या, १०८ ला फोन करायची वेळ आली तर.

इथवर सगळं तुमच्या हातात होतं. आता जागेचा प्रश्न.

आज काटोलच्या पोराला सायकल चालवायला तीन जागा आहेत, आणि तिन्ही त्याच्यासाठी आकसत चालल्यात. पहिली डांबरी रस्ता. नागपूर साधारण ६० किलोमीटर. त्या रस्त्यावरच्या ट्रक आणि गाड्यांच्या वेगात सायकलवाला म्हणजे पाहुणा. दुसरी जागा जंगल. कोंढाळीच्या बाजूच्या टेकड्या पाहून कुणालाही मोह होईल. पण राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. हा सगळा पट्टा २०१४ मध्ये जाहीर झालेल्या बोर व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारचा. वाकून, वेगानं, आवाज न करता येणारी सायकल जनावराच्या अंगावर जाण्याचा धोका पायी चालणाऱ्यापेक्षा जास्त. इथं मी वनखात्याच्या बाजूनं आहे.

तिसरी जागा पांदण. तीही बदलतेय. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना राज्यानं २०२१ मध्ये आणली. रोजगार हमी आणि राज्याचा निधी एकत्र करून शेतापर्यंत पक्की वाट न्यायची, अतिक्रमणं काढायची, खडी आणि मुरूम टाकायचा. ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना याचं मोल सांगायला नको. आंबिया बहाराची संत्री तोडायला आली असताना गाडी बागेपर्यंत पोचत नसेल, तर व्यापारी भाव पाडतो. त्यामुळं तुमचे लाडके दगड आणि घळी बुजणार असतील तर बुजू द्या. त्यावर 'आमचा ट्रेल गेला' अशी पोस्ट टाकू नका, गावात हसं होईल. पांदण ही शेतकऱ्याच्या हक्काची वाट आहे. तिच्यावर तुम्ही-आम्ही पाहुणेच.

म्हणजे अडथळे शोधत फिरण्याचे दिवस संपत आलेत. अडथळे बांधावे लागतील, एका ठरलेल्या जागी.

हे ऐकून नाक मुरडू नका. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकची माउंटन बाइक शर्यत एलॉंकूरच्या टेकडीवर झाली. पॅरिस परिसरातली ही सगळ्यात उंच जागा, २३१ मीटर. आणि ही टेकडी काय आहे? जुनी वाळूच्या दगडाची खाण, जिच्यावर नंतर कचरा आणि भराव टाकला गेला. त्यावर खडक आणून रचले, उतार घडवले, वळणं केली. फ्रान्सच्या पोलीन फेराँ-प्रेव्होनं तिथंच सुवर्ण जिंकलं. पिडकॉकनं मधेच पंक्चर होऊनही तिथंच दुसरं. खुद्द ऑलिम्पिकचा डोंगर माणसानं रचलेला असेल, तर काटोलला अर्धा एकर रचायला काय हरकत? (गिट्टीच्या बंद पडलेल्या खदानीत मात्र उत्साहानं शिरू नका. त्यात पाणी साचतं, कडा ढासळतात. एलॉंकूरला आधी ती जागा सुरक्षित केली, मग सायकली आल्या.)

राज्यात सायकलिंगचं सध्या बरं चाललंय, हेही खरं. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात पाच दिवसांची, ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, पुणे ग्रँड टूर. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' एकट्यानं पूर्ण केली आणि पुढच्या वर्षी रशियात नऊ हजारांहून जास्त किलोमीटरची सैबेरियातली शर्यत. पण हे सगळं रस्त्यावरचं. रस्ता तयार होता, म्हणून ते घडलं. माउंटन बाइकची आशियाई स्पर्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळच्या पोनमुडीत झाली, पॅरिसची पात्रता तिथं पणाला होती. आजवर एकही भारतीय ऑलिम्पिकच्या माउंटन बाइक शर्यतीत उतरलेला नाही. रस्त्यावरच्या सायकलपटूला सराव करायला निदान रस्ता असतो. दगडावरून जायला शिकणाऱ्याला हक्काचा दगडही नाही.

आणि पांदणीचा तोडगा अर्ध्या वर्गाला मुळातच लागू नाही. सकाळी सहाला सुनसान पांदणीत एकट्या मुलीला घरचे पाठवतील? तुमच्याच घरी विचारून बघा. संगमनेरच्या प्रणिता सोमणनं माउंटन बाइकमध्ये राष्ट्रीय पातळीवर पदकं जिंकलीत, म्हणजे महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावातून हे होतं. पण ते व्हायला मुलींना दिसती, वावरती, चार माणसांच्या नजरेतली जागा हवी. कॉलेजचं मैदान, क्रीडा संकुलाचा कोपरा. मला विचाराल तर बांधीव जागेच्या बाजूचा हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, आणि मागणी करताना तोच आधी मांडा.

मागणी कुणाकडं? काटोल शहरात राहत असाल तर नगरपरिषद. गावात राहत असाल तर ग्रामसभा. वर्षातून निदान चार व्हायला हव्यात, साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास. अठरा पूर्ण झाली, मतदार यादीत नाव आलं, की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात. तिथं जाऊन 'माउंटन बाइक ट्रॅक द्या' म्हणालात तर सरपंच मोटरसायकलचं समजतील. 'पोरापोरींना सायकल शिकायला अर्धा एकर पडीक जागा आणि चार ट्रॅक्टर मुरूम' असं म्हणा. राज्याचं धोरण तालुक्याला एक क्रीडा संकुल असं आहे आणि क्रीडांगण विकासासाठी अनुदानाची योजनाही आहे. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन अर्जाचा नमुना घ्या. घरचे "याचा फायदा काय?" विचारतील, तेव्हा सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण सांगावंसं वाटेल. सांगा, पण त्याच्या अटी आधी वाचा. कुठल्या स्पर्धेचं कितवं पदक चालतं हे ठरलेलं असतं, आणि विटेवरून चाक चढलं म्हणून नोकरी लागत नाही.

अर्ध्या एकरात काय बसेल? कागदावर काढून बघा. कडेनं मातीच्या उंचवट्यांची साखळी, एकामागून एक, गुडघ्याएवढे, पायडल न मारता अंग खाली-वर करून वेग धरायला. शेवटी एक उंच कडेचं वळण. मधे दगडांची दहा मीटरची पट्टी, दगड पक्के रोवलेले. एक फळीची उतरण, वीतभर, हातभर आणि कमरेएवढी अशा तीन उंचींची, आणि त्यातली फळी मुद्दाम काढता येण्याजोगी, व्हॅन डर पूलच्या नावानं. पाणी वाहून जायला चर. नाहीतर पहिल्याच पावसात सगळी काळी माती होईल, म्हणून वरचा थर मुरमाचाच.

हे बांधायला हात कुठले? एनएसएसचं सात दिवसांचं हिवाळी शिबिर तुमच्या कॉलेजात होतंच. वनराई बंधारा घालता, रस्ता झाडता, तशाच दोन दिवसांच्या श्रमदानात उंचवटे उभे राहतात. कार्यक्रम अधिकाऱ्यांना आताच विचारून ठेवा, शिबिराचं गाव ठरायच्या आधी. राहिले ओंडके. आपल्या भागात वय झालेल्या, रोगानं गेलेल्या संत्र्याच्या बागा दरवर्षी तोडल्या जातात आणि खोडं सरपणाला जातात. ती मनगटापासून मांडीएवढ्या जाडीची, शिकणाऱ्याला अगदी मापाची. त्या बकरीवाल्या काकांकडंही असतील. मागायला जाल तेव्हा सायकल पांदणीतच ठेवा, ठिबकच्या नळ्यांवरून आत नेऊ नका.